ठराव क्रमांक चार

रजिस्टर माझ्या हातात असतं, म्हणून आठवतं:
श्रावणातला रविवार, चोडणच्या शेतकरी संघाची खोली,
पंखा बंद, बावीस माणसं.
इनासनं फाटकं जाळं टेबलावर पसरलं
आणि म्हणाला, बघा.
आम्ही बघितलं. भोकातून पलीकडचा उसगांवकर दिसत होता.

पाणमांजरं. आमच्याकडे हुदं म्हणतात.
मानशीच्या तोंडाशी ओहोटीचं जाळं लागलं
की आमच्याआधी तीच हजर,
पाच, मग नऊ, मग मोजणं सोडलं.
शेवटे अर्धे खायची, अर्धे टाकायची,
मिशा पुसायची, आणि वर शिट्टी.
लिलावात मानस घेतलेल्या माणसाला
शिट्टी सोसत नाही.

वनखात्याचा पोरगा फेरीबोटीनं आला होता.
मारता येणार नाही, म्हणाला, कायद्यात आहेत.
हाकलता येतील? रुझारनं विचारलं.
पोरानं स्वतःच्या बुटांकडं पाहिलं.
मी लिहिलं: फटाके, पत्र्याचे डबे, दोन कुत्रे,
खर्च संघाकडून. एकमतानं.

'एकमतानं' मी नेहमीच लिहितो.
शाणू मयेकर काहीतरी सांगत होता:
बांधावरची त्यांची घाण त्यानं काडीनं फोडून पाहिली,
खवले थोडे, कवचं जास्त.
कुर्ल्यांची.
त्याच्यापुढे भज्यांची बशी सरकवली, तो गप्प झाला.
हे रजिस्टरात नाही.

दिवाळीपर्यंत शिट्टी थांबली.
बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी कुर्ल्या.
बांध वरून तसाच, चिखल, गवत,
आतून पावासारखा जाळीदार.
भाद्रपदातल्या अवसेला उधाण आलं
आणि अठरा हात बांध बसला.
फुटला नाही. बसला,
उन्हातून आलेला माणूस उंबऱ्यावर बसतो तसा.
कोरगुट खार सोसतं, पण इतका नाही.
सकाळी पोटरीतल्या भातात
एक काळुंदर वाट चुकून फिरत होतं.

आता कुर्ल्यांचा ठराव आहे, क्रमांक अकरा.
पेट्रोमॅक्स, टोपल्या, किलोमागे पैसे.
पोरं पकडतात, हॉटेलवाले नेतात,
भोकं तेवढी इथंच राहतात.

परत बोलावण्याचा ठराव कसा लिहितात
मला येत नाही.
सूचक कोण? नोटीस कुठल्या पत्त्यावर?

काल ओहोटीला मानशीवर गेलो.
इनास जाळं शिवत होता,
कोपऱ्यातलं एक भोक तसंच ठेवून.
मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, दोरा संपला.
त्याच्या खिशातून रीळ डोकावत होतं.