नमुना नंबर चौदा

निवृत्तीला उपकेंद्राने शाल दिली, नारळ दिला,
आणि एक घड्याळ, जे पंधरा मिनिटं मागे पडतं.
म्हटलं, चालेल. मला मागेच जायचंय.

आता पारोळ्याच्या तहसिलीत, अभिलेख कक्षात,
खिडकीखाली माझ्यासाठी एक पोतं अंथरलेलं असतं.
हिलालभाऊ शिपाई गाठोडं सोडतो, शिंकतो,
विचारतो, सिस्टर, आज कोनी पिढी?

साठीला मोडी शिकले.
आधी सगळी अक्षरं गळ्याभोवती नाळ आल्यासारखी दिसायची,
मग एकेक सोडवता आलं.
तेवढं हाताला ठाऊक होतं.

पिढीमागे दीडशे रुपये, मोडीचे पन्नास वर.
पावती देते.
फुकट मिळालेला कागद लोक हरवतात.

उखर्डू, धुडकू, दगडू, असं नाव लागलं
की त्याच्या आधी दोन-तीन जागा कोऱ्या सोडते.
आधीची जगली नसणार,
म्हणून तर याला उकिरड्यावर लोळवून
आईने परत उचललं.

म्हाताऱ्यांना सालं आठवत नाहीत,
मग मी कानबाईच्या रोटांचं विचारते.
पुरुषामागे सव्वा मूठ गहू.
आमच्या घरी अकरा जणांचे निघायचे, म्हणतात,
पटकीच्या साली सातच निघाले.
मोजणाऱ्या त्याच.
त्यांच्या नावाची मूठ नसते, फक्त हात असतो.

गेल्या महिन्यात तामसवाडीची कोकिळा सैंदाणे आली.
भाच्याची पडताळणी अडलेली, आजोबांची नोंद हवी.
झिपरू यास मुलगा, नथू. एकोणीसशे सदतीस.
शाई फिकी, माणूस पक्का.
नक्कल घडी करता करता म्हणाली,
"माय, मनं नाव शे का तठे?"

चौऱ्याऐंशीचं रजिस्टर काढलं.
पोळ्याची पहाट. बाप आनंदा नथू. स्त्री.
नावाच्या रकान्यात आडवी रेघ,
शेवटाला जराशी वर चढलेली.

ती रेघ माझी.
ग्रामसेवक नसला की वर्दी मीच लिहायचे,
आणि म्हणायचे, बारसं झालं की नाव घालू.

ती मला आठवली नाही. हे सांगायला हवं.
त्या साली एकशे बारा बाळंतपणं केली.

सरकारी पानाला आता पेन लावता येत नाही.
वंशवेलीच्या कागदावर आनंदाखाली लिहिलं, कोकिळा.
पेन्सिल बाजूला ठेवून, शाईने.
ती वाळेपर्यंत बघत राहिली.

"कितला पैसा?"
दोन पिढ्या, चारशे. तिसरीचे नको.
तिने सहाशे मोजले,
आणि बोट ठेवून दाखवलं,
पावती भावाच्या नावाने नाही, हिच्या नावाने.

तेव्हापासून काम नसलं की चौऱ्याऐंशीच उघडते.
रेघा मोजते.
अडतीसपर्यंत आले.
हिलालभाऊ किल्ल्या वाजवत विचारतो,
सिस्टर, हे कोणाचं काम? पैसे कोण देणार?

माझ्या घड्याळात अजून पावणेसहा.
म्हटलं, थांब. हे पान संपू दे.