प्रकार

रास अल खैमाच्या खाडीपलीकडे, खारट मातीच्या धावपट्टीशी
पत्र्याच्या हँगरात ती उभी असते.
अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, अंगावर डेक्रॉनचं कापड,
वयानं माझ्याहून दोन वर्षं धाकटी.
मी तिला टिटवी म्हणतो. खलफान नुसतंच 'ती'.

तिच्या घराण्यातली पहिली एका माणसापुरती होती,
ना काच, ना दार, पाय सरळ वाऱ्यात.
मग दोघांची आली. मग शेपटीखालचं चाक
नाकाखाली गेलं. एकीला चाकांऐवजी होड्या लावल्या,
एकीचे पंख हातभर कापले, जरा चपळ व्हावी म्हणून.

आमची यांतली कुठली?
पंख पहिलीचे, कुणाच्या तरी मोडक्या खोक्यातून आलेले.
सांगाडा दुसरीचा.
इंजिन शारजाच्या भंगारातलं,
सकाळी सहाला गुरगुरतं, नऊनंतर तापून रुसतं.

तपासनीस आला, चष्मा कपाळावर.
"प्रकार?" पेन रकान्यावर टेकलेलं.
खलफाननं माझ्याकडे पाहिलं. मी पंखाकडे.

माझ्या व्हिसावरही असाच एक रकाना आहे.
तिथे लिहिलंय: खय्यात. म्हणजे शिंपी.
एजंटाकडे त्या वर्षी तेवढीच जागा शिल्लक होती.
अठरा वर्षं मी इंजिनं खोलतोय
आणि कागदावर कुणाचे तरी झगे शिवतोय.

पण खोटं तरी कसं म्हणू?
इथल्या उन्हात कापड चार वर्षांत मरतं,
अंगठा दाबला की कळतं.
मग मेणाचा दोरा, वाकडी सुई,
आणि एकेका फासळीला कापड बांधत जायचं,
जयगडला अब्बा शिडाला घालायचे तोच टाका,
गाठ आतल्या अंगाला.
त्यांची शिडं खजुरासाठी याच खाडीत येऊन गेली असतील.
त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रकान्यात शेवटी काय लिहिलं, दिसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी खलफान म्हणाला, "शरफू, बस."
चारशे फुटांवर खाडी, तिवरं, मासेमारांच्या फायबरच्या होड्या,
तो बोटानं दाखवत होता, ओरडून नावं सांगत होता.
मी वर पाहत होतो.
कापडातून ऊन झिरपत होतं, टाका न् टाका दिसत होता,
तिसऱ्या फासळीपाशी एक तिरका.
त्या दिवशी घरून फोन आला होता.