दोन बोटं जागा

दुकानदाराने काउंटरवर तीन मास्क काढून ठेवले,
स्मॉल, मीडियम, लार्ज.
मी म्हटलं, आधी नाकाचं माप तरी घ्या.
तो हसला. आंटीजी, मीडियम सबको आ जाता है.

चाळीस वर्षं दौलतगंजात ब्लाउज शिवतेय मी.
मीडियम कुणालाच येत नाही.

पहिल्या रात्री यांनी पट्टे असे आवळले
जशी प्रवासाची वळकटी बांधतायत.
तरी उजव्या डोळ्याखालून वारा फुसफुसत राहिला,
आणि तो फुसफुसला की हे आणखी आवळायचे.
सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल खाच,
गालांवर रुळांसारखे दोन वळ,
डोळा सुजलेला.
दूधवाला लच्छीराम दारातच थबकला,
भाईसाब, गिर गए क्या?
हे म्हणाले, नहीं, सो रहे थे.

जानेवारीत निराळंच.
ग्वाल्हेरची थंडी, खोली बर्फासारखी,
मशीनची वाफ कोमट, आणि त्या दोघांच्या भांडणात
रात्री दोनला नळीतून थेट नाकात पाणी.
धडपडून उठले, म्हणाले, बुडतोय गं मी.
दुसऱ्या दिवशी जुन्या रजाईचं कापड घेऊन
नळीला झगा शिवला, निळ्या बुट्टीचा.
आता ती यांच्या छातीवर वेटोळं करून पडते
आणि कुणीतरी पाळलेली वाटते.

मग मिशी.
डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं होतं,
हवा मिशीतून निसटते.
यांनी ते ऐकलं, आणि विषय गजकवर नेला.
यंदा मुरैन्याची चांगली की इथली.
मीही पुढे काही बोलले नाही.
मिशी म्हणजे काय बाही आहे,
दोन इंच कमी करा म्हणायला?

एका रात्री मीच तो मास्क हातात घेतला,
उजेडात धरला, उलटा केला.
शिवणारणीला कळायला कितीसा वेळ लागतो?
घट्ट केलं की कापड ओढतं,
ओढलं की तिरकं जातं,
एका अंगाने मिटलं की दुसऱ्या अंगाने उघडतं.
आमच्या गोदूताई शिकवायच्या,
काखेत दोन बोटं जागा सोड पोरी,
बाईला श्वास घ्यायचा असतो.

म्हटलं, आडवे व्हा.
बसून घेतलेलं माप झोपल्यावर खोटं पडतं,
माणसाचा चेहरा उशीवर पसरतो.
मशीन चालू ठेवलं.
चारही पट्टे सैल केले,
मास्क जरासा उचलला, हवेलाच त्याला बसू दिलं,
मग पट्ट्याखालून माझी दोन बोटं सरकवून पाहिली.
नाकाच्या दांड्यावर मलमलीचा तुकडा,
धुऊन धुऊन मऊ झालेला,
कडा न दुमडता ठेवला, शिवण टोचू नये म्हणून.
हे डोळे मिटून होते. ट्रायलला आलेल्या नवऱ्या मुलीसारखे
हात अंगाशी धरून, गप्प.

फुसफुस थांबली.
पूर्ण नाही. मिशीच्या डाव्या टोकाशी
बारीक शीळ राहिलीय अजून.

इतकी वर्षं घोरणं मधेच तुटलं की मी मोजायचे.
सात, अकरा, सतरा.
एकदा बत्तीस झाले तेव्हा जोरात कोपर मारलं
आणि सकाळी म्हटलं, झोपेत लागलं असेल.
आता अंधारात ही शीळ,
श्वास आत जाताना बारीक, बाहेर येताना जाडसर.
मी मोजायला घेते, एकाच्या पुढे जाताच येत नाही.

काल सकाळी हे आरशासमोर उभे,
हातात माझी कापडाची कात्री.
मी म्हटलं, ती नका घेऊ, केसांनी धार जाते.
दुसरी शोधायला लागले.
म्हटलं, राहू द्या हो.
बसेल हळूहळू.