नु

हाचिनोहेच्या बंदरामागे,
मासळी गोठवायच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून
तोकिएबाईंचा बार आहे. सात खुर्च्या, एक माईक,
आणि बिस्किटांच्या गंजक्या डब्यात
कुणाच्या तरी पोराने मोठं होताना मागे टाकलेले
अक्षरांचे पत्ते.

मी इथे ग्लास विसळते, त्यामुळे खेळ मला पाठ आहे.
पत्ता उचलायचा. जे अक्षर येईल
त्यावरून सुरू होणारं गाणं म्हणायचं.
झालेलं गाणं पुन्हा नाही.
अडला, त्याने सगळ्यांच्या उकडलेल्या मुळ्याचे पैसे द्यायचे.

‘का’ निघाला की रात्र आपोआप वाहते.
कावा, काझे, कासा, कामोमे :
नदी, वारा, छत्री, धक्क्यावरचे कुरव.
आपलं निम्मं दुःख ‘का’पासूनच सुरू होतं,
असं कुवाबारा म्हणतो. तो बर्फाच्या कारखान्यात असतो,
बायको निघून गेल्यापासून
त्याला मोजदादीची गोडी लागली आहे.
‘ना’मध्ये अश्रू, ‘हा’मध्ये फुलं,
‘सा’मध्ये दारू आणि निरोप शेजारी शेजारी.
सगळं वहीत लिहून ठेवलंय त्याने.

त्या मंगळवारी बर्फ आडवा पडत होता.
दातांच्या दवाखान्यातल्या नात्सुनोने पत्ता उचलला,
आणि तिचं तोंड तिच्याच पेशंटसारखं झालं.
नु.
शेपटीला गाठ मारलेलं अक्षर.
खाली कापडी अस्वल, एक डोळा पेनाने खरवडलेला.

गाण्यांची यादी टेलिफोन डिरेक्टरीएवढी,
पण ‘नु’चं पान अर्धं भरून थांबलेलं.
बाकी पांढरं, बाहेरच्या वाहनतळासारखं.
जी होती ती कुणाला येत नव्हती.
अख्ख्या बारवर भेंडी चढली.

तेव्हा इवाओ उठला.
अकरा वर्षं शेवटच्या खुर्चीवर बसून
न गाताच हरणारा, मुकाट मुळ्याचे पैसे मोजणारा इवाओ.
त्याच्या बायकोचा दंडकच होता.
बेसुऱ्या माणसाला आमच्याकडे म्हणतातच,
गाऊ नकोस, लोणच्याचा कोंडा नासेल;
पण ती हे हसून म्हणत नसे.
कोंड्याचं मडकं तिच्या आजीपासून चालत आलेलं.
इवाओ अंघोळीतसुद्धा गुणगुणायचा नाही.

त्याने माईक चमच्यासारखा धरला.

नुका या, नुका या, रात्री काय गिळलंस?
वांग्याची पाठ, मुळ्याचं मन...

सकाळी कोपरापर्यंत हात घालून
कोंडा वरखाली करताना ती हे म्हणायची.
तिचंच होतं, तिथल्या तिथे रचलेलं,
एका ओळीत काकडीच्या जागी शेजारीण यायची.
त्याचा आवाज खडीवरून ओढलेल्या होडीचा.
पडद्यावर ‘गाणं निवडा, गाणं निवडा’ लुकलुकत होतं.
चौथ्या ओळीला तो विसरला,
पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला,
पुन्हा तिथेच विसरला,
आणि बसला.

“यादीत नाही,” कुवाबारा म्हणाला. “धरता येणार नाही.”
नात्सुनोने त्याला टेबलाखालून लाथ मारली.
“बरोबर आहे त्याचं,” इवाओ म्हणाला,
आणि नोटा काढून काउंटरवर ठेवल्या.
मुळे मी वाढले. तोकिएबाई
फ्रिजमध्ये डोकं घालून बराच वेळ काहीतरी शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला, दिवे लागायच्या आत.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काकडी.
“आज मडक्यासमोर म्हटलं,” तो म्हणाला.
“दोनदा. नासलाय का बघा.
माझं नाक तीन वर्षं तिच्याच बाजूने बोलतंय.”

तोकिएबाईंनी काप केले. आम्ही खाल्ले.
कुवाबाराने सर्वांत जास्त वेळ चावलं,
डोळे मिटून, मोजणारा माणूस चावतो तसं.
“खारट,” तो म्हणाला.
मग दुसरा काप उचलला.
मग वही काढली, ‘नु’खाली काहीतरी लिहिलं,
कुणाला दाखवलं नाही,
आणि बाही कोपरापर्यंत सारून
पत्त्यांच्या डब्यात हात घातला.