शिक्षकेतर

पगारपत्रकात वर प्राध्यापक,
मग सहायक, मग तासावरचे,
मग एक जाड रेघ.
रेघेखाली आम्ही. शिक्षकेतर.
कन्नडमध्ये बोधकेतर.
फाटकावरच्या पाटीची अक्षरं किती उंच, यावरून दरवर्षी भांडण होतं,
पण आमच्याबाबत दोन्ही भाषांचं एकमत आहे:
आम्ही म्हणजे जे कुणीतरी नाहीत ते.

मी हजेरी लिहिते, एकोणीस वर्षं झाली.
त्रेचाळीस नावं. सह्या चार लिप्यांत,
शिवाय पाच अंगठे, त्यातला एक गंगव्वाचा,
फिनेलनं रेघा पुसट झालेला.

यंदा पवित्र गुरुवारी
फादर कुलगुरूंच्या मनात आलं,
पाय धुवायचे ते बारा जण आपल्या कर्मचाऱ्यांतलेच घ्यावेत.
चिठ्ठी माझ्याकडे. नावं अकरापर्यंत द्या.

कुणी तयार होईना.
दस्तगीर म्हणाला, खानापूरची बस कोण सोडणार?
परशराम मुतगेकर पंपावरनंच ओरडला,
"माझ्या पायाला तीस वर्षांचं ग्रीस हाय बाई,
फादरचे हात काळे व्हतील."
हा माणूस पहाटे साडेचारला पाइपाला कान लावून सांगतो
राकसकोपचं पाणी आज येतंय की नाही,
आणि कधी चुकत नाही.
गंगव्वा नुसतीच बसून राहिली पायरीवर.
मग म्हणाली, "देवाच्या माणसानं माझे पाय धरायचे?
पाप कुणाच्या खात्यावर लिवणार तू?"
माझ्या वहीत तसलं खातं नाही, म्हटलं.
तिचं नाव लिहिलं.

गुरुवारी चारला
जिमखान्यामागच्या नळावर
ती वजरीनं टाचा घासत होती.
धुवायचे पाय आधी धुऊन ठेवत होती.
भेगांतला खडू काही निघाला नाही.

पाणी तापवलं इनासिननं, मेसमधल्या साराच्या पातेल्यात,
म्हणून चांदीच्या झारीतून
जरासा आमसुलाचा वास आला.
टॉवेल गुरुसिद्धानं इस्त्री केले, प्रयोगशाळेतल्या टेबलावर,
एकाला आम्लाचं भोक पडलं, तो त्यानं स्वतःकडे ठेवला.

फादर एकेकापुढे गुडघे टेकत गेले.
गुडघे कुरकुरत होते, पहिल्या बाकापर्यंत ऐकू येत होतं.
गंगव्वाची पाळी आली,
आणि रोज पोरांना सांगते तेच तिच्या तोंडून निघालं,
"बघून हं फादर, फरशी वली हाय, घसरशीला."
माइक जवळच होता.
अख्खं चर्च हसलं. फादरही.
ती हसली नाही. फरशी खरंच ओली होती.

परशराम शेवटचा.
दोन्ही पाय धुवायचे हा फादरांचा हट्ट.
उजवा झाला, पुसून झाला,
वर गायकवृंद सूर लांबवत होता,
आणि परशरामनं मान तिरकी केली.
आम्हाला गाणं ऐकू येत होतं,
त्याला टाकी.
"भरली," म्हणाला, आणि उठला,
एक पाय धुतलेला, एका पायात ग्रीस,
मधल्या वाटेनं धावत गेला व्हॉल्व्ह बंद करायला.

आठला दिवे गेले एकेक करून.
बारा खुर्च्या कुणी उचलल्या,
घंगाळातलं पाणी क्रोटनच्या कुंड्यांना कुणी घातलं,
सांगायला नको.
गंगव्वा नव्या स्वच्छ पायांनी
सांडलेलं पुसत मागं मागं सरकत होती.

सोमवारी लेखा विभागानं विचारलं,
ते दोन तास कामाचे धरायचे की प्रार्थनेचे?
आणि पाय धुतलेले नेमके किती जण?
मी साडेअकरा लिहिलं. परत आलं.
अर्धा माणूस त्यांच्या संगणकात बसत नाही.

परशरामचा डावा पाय पुढच्या वर्षी,
असं फादर म्हणालेत.
तो ऑक्टोबरात निवृत्त होतोय.
माझ्या वहीत तारीख आहे.
फादरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.