फॉलो-अप बाकी

टॅबवर अजून लाल ठिपका :
झिबल उईके, वय एकाहत्तर.

अठ्ठ्याण्णवात घाटंजीपल्याड
पहिल्यांदा त्याच्या दंडाला पट्टा आवळला,
तर म्हणाला, "मॅडम, बैल हाय का मी?"
मीठ कमी कर म्हटलं,
त्यानं अंबाडीची भाजीच पुढे केली.
त्या भाजीवर माझा एक शोधनिबंध आहे.

मग प्राध्यापकी. मग हे अ‍ॅप.
पंचफुला मडावी मोहाखाली उभी राहून
रेंज धरते, आकडे चढवते.

झिबल पोळ्याआधी गेला.
"मॅडम, मेला असं लिवाले यात जागाच नाही."
रकाने मीच ठरवले होते,
नागपुरात, थंडगार खोलीत.

आज दोघी गेलो. चिमाबाईनं चहा ठेवला,
काही न विचारता बाही वर केली.

एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा.

पंचफुलानं टॅब चाळला.
ही कोणत्याच यादीत नाही.