रांगेतला पहिला कागद

कंधार तहसीलचा प्रिंटर
सोमवारपासून मुका.
आठही टेबलांवरून हुकूम सुटतात,
पोचत एकही नाही.

केबल हलवून पाहिली, आयपी तपासला,
टोनर तर परवाच भरला होता.
मग कोंडेवारबाईंच्या मशीनवर
(सगळं ऑफिस तिच्यातूनच छापतं)
रांग उघडली:
एकेचाळीस उत्पन्नाचे दाखले,
दोन नॉन क्रिमीलेअर,
आणि सगळ्यांच्या पुढं, वाट अडवून,
‘बदली विनंती देगलूर अंतिम ७’.

बाई म्हणल्या, “काढून टाका ते.”
“नक्की?”
त्या खिडकीवरच्या गर्दीकडं बघत होत्या.

रद्द केलं.
प्रिंटर खाकरला,
पहिला दाखला गरम गरम बाहेर आला;
बाईंनी शिक्का उचलला.

मला चहा पाजला.
बिलावर मी लिहिलं:
रांग मोकळी केली. दीडशे रुपये.